धुराची हद्द

परळ-लालबागच्या आकाशात गिरण्यांची धुराडी दिवसरात्र काळे लोट सोडीत असता मुंबई सरकारने १९१२ साली धुराच्या उपद्रवासंबंधी जो कायदा केला, त्याच्या मागे एक साधी समजूत होती. धूर हा शेजाऱ्याला होणारा त्रास आहे, तो डोळ्यांना दिसतो, त्याचा काळेपणा नजरेने ताडता येतो, आणि भट्टीवाल्याने कोळसा नीट हवा देऊन जाळला म्हणजे तो त्रास आटोक्यात येतो, अशी ती समजूत होय. कलकत्त्यास असाच कायदा त्यापूर्वी सात वर्षे झालेला होता. आज शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावर धुराविषयीचे आपले ज्ञान कल्पनेपलीकडे वाढले आहे. न दिसणारे वायू आणि न दिसणारे कण हेच अधिक घातक, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ज्ञान वाढले त्या मानाने आपली शासनाची रीत पालटली असे मात्र म्हणवत नाही. या विषयाचा समग्र इतिहास पाहू लागल्यास असे आढळते की, धूर नाहीसा करण्याचे प्रयत्न थोडे आणि तो आपल्या हद्दीतून उचलून दुसऱ्याच्या हद्दीत नेऊन टाकण्याचे प्रयत्न फार. आणि जेथे कोठे खरे यश आले, तेथे ते धुराड्याची जागा किंवा उंची बदलल्याने आले नसून चुलीतले जळण बदलल्याने आले आहे.

हवेत मिसळणाऱ्या दूषित द्रव्यांचे दोन कुळांत विभाजन करणे सोयीचे पडते. पहिल्या कुळातील द्रव्ये धुराड्यातून, गाडीच्या नळीतून वा चुलीतून जशीच्या तशी बाहेर पडतात. कोळशात आणि जड तेलात गंधक असते, ते जळून सल्फर डायऑक्साइड होतो; अपुऱ्या हवेत जळण जळाले की कार्बन मोनॉक्साइड निपजतो; अतिशय उष्ण ज्वालेत खुद्द हवेतलाच नत्रवायू प्राणवायूशी संयोग पावून नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात; आणि काजळी, राख, रस्त्यावरची माती, बांधकामाची सिमेंटमिश्रित धूळ ही तर सर्वांच्या परिचयाचीच आहेत. दुसऱ्या कुळातील द्रव्ये कोणत्याही धुराड्यातून निघत नाहीत. ती हवेतच जन्मतात. सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजनची ऑक्साइडे यांची वातावरणात आम्ले होतात. खतांतून व गुरांच्या मलमूत्रातून सुटणारा अमोनिया त्या आम्लांना भेटतो, आणि या संयोगातून सल्फेट व नायट्रेट यांचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. या दुसऱ्या कुळाची अडचण ही की, त्यातील एखाद्या कणावर अमुक कारखान्याचे नाव लिहिलेले नसते. तेथे पंचनामा करावा तर कोणाचा करावा, हा प्रश्न पडतो.

लंडन शहराची या बाबतीतील हकीगत जितकी जुनी तितकीच बोधप्रद आहे. समुद्रमार्गे येणारा दगडी कोळसा जाळू नये असे फर्मान तेथे चौदाव्या शतकाच्या आरंभी पहिल्या एडवर्ड राजाने काढले होते. १६६१ साली जॉन एव्हलिन या गृहस्थाने धुराविरुद्ध पुस्तिका लिहून राजाला सादर केली आणि धूर करणारे धंदे शहराबाहेर न्यावेत अशी तजवीज सुचविली. म्हणजे हद्दीबाहेर लोटण्याची युक्ती निदान साडेतीनशे वर्षांची आहे. फर्मान व पुस्तिका या दोहोंनाही न जुमानता लंडन कोळसा जाळीत राहिले, आणि ५ डिसेंबर १९५२ या शुक्रवारी तेथील हवा थांबली. थंड हवा जमिनीलगत आणि तुलनेने उबदार हवा तिच्यावर, अशी उलटी रचना झाली म्हणजे वरचा थर भांड्यावरील झाकणासारखा काम करतो आणि खालचा धूर वर चढू शकत नाही. लाखो घरांच्या शेगड्यांतून आणि वीजकेंद्रांतून निघालेला धूर धुक्यात मिसळून मंगळवारपर्यंत त्या शहरावर बसून राहिला. रस्त्यात पुढे कंदील धरून बस चालवाव्या लागल्या. नाट्यगृहात धुके शिरल्याने चालू प्रयोग बंद करावा लागला. स्मिथफील्डच्या प्रदर्शनासाठी आणलेली पोसलेली जनावरे गुदमरून मेली, आणि आश्चर्य असे की, माणसे किती मेली हे कळण्यापूर्वी वर्तमानपत्रांनी जनावरांची बातमी छापली. नेहमीपेक्षा सुमारे ४,००० मृत्यू अधिक झाले असे सरकारी गणित सांगत होते. पुढील महिन्यांतही मृत्यूंचे प्रमाण चढेच राहिले, त्याचे खापर सरकारी खात्याने इन्फ्लुएन्झावर फोडले. अर्धशतकानंतर संशोधकांनी तो हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा एकूण आकडा १२,००० च्या घरात जात असल्याचे दिसून आले.

ही आपत्ती अनपेक्षित होती असेही नाही. बेल्जममधील म्यूज नदीच्या अरुंद खोऱ्यात डिसेंबर १९३० मध्ये साठांवर माणसे अशाच कोंडलेल्या हवेत दगावली होती, आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया संस्थानातील डोनोरा या जस्त व पोलाद करणाऱ्या गावी ऑक्टोबर १९४८ मध्ये वीस जणांचे प्राण गेले होते. पण खोऱ्यातील गावांचे मरण राजधानीच्या दफ्तरात तळाशी जाते. लंडनच्या प्रसंगानंतर सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि काहीशा अनिच्छेनेच ब्रिटिश सरकारने १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा केला. या कायद्याचा महत्त्वाचा भाग दंडाचा नव्हे. ठराविक वस्त्यांत धूर न करणारेच जळण वापरावे असा नियम करून, त्यासाठी घरातली शेगडी बदलण्याचा बराचसा खर्च सार्वजनिक तिजोरीतून देण्याची सोय त्यात होती. पुढे उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू घरोघर पोहोचला आणि लंडनचे ते पिवळे-काळे धुके इतिहासजमा झाले.

परंतु याच काळात वीजकेंद्रांच्या बाबतीत दुसरा मार्ग स्वीकारला गेला, तो उंच धुराड्याचा. धुराडे उंच बांधले म्हणजे पायथ्याच्या गावी हवा स्वच्छ होते हे खरे. पण गंधकाचे परमाणू उंचीमुळे नष्ट होत नाहीत, ते फक्त लांबचा प्रवास करतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, स्कँडिनेव्हियातील सरोवरे आम्ल होऊन त्यांतील मासे नाहीसे होत आहेत याचे कारण ब्रिटन आणि मध्य युरोप यांच्या धुराड्यांत शोधावे लागेल. त्या वादातून १९७९ साली जिनीव्हा येथे सीमेपलीकडे जाणाऱ्या वायुप्रदूषणाविषयी राष्ट्रांचा करार झाला. धुराला राष्ट्राची हद्द नसते ही गोष्ट राजनीतीने तेथे कबूल केली.

लंडनचा धूर काळा होता म्हणून तो दिसत तरी होता. लॉस एंजलिस शहरात १९४३ च्या उन्हाळ्यात जे धुके उतरले, त्याने मात्र सर्वांनाच चकविले. डोळे झोंबू लागले, पाने करपली. युद्धाचे दिवस असल्याने जपान्यांनी विषारी वायू सोडल्याची आवई उठली. तेथे कोळसा फारसा जळत नव्हता, आणि हे धुके थंडीत न पडता भर उन्हात पडत होते. या कोड्याचा उलगडा करणारे आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच रसायनवेत्ते अननसाच्या स्वादाचे पृथक्करण करीत होते. ते काम बाजूला ठेवून त्यांनी शहराची हवा तपासली आणि असे सिद्ध केले की, मोटारींतून व तेलशुद्धीकरणातून सुटणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला म्हणजे ओझोन तयार होतो. वातावरणाच्या उंच थरात जो ओझोन सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करतो, तोच जमिनीलगत फुप्फुसाला इजा करतो आणि गहू-सोयाबीनसारख्या पिकांचे उत्पन्न घटवितो. मोटार-कारखानदारांनी पुष्कळ वर्षे या सिद्धान्ताशी हुज्जत घातली. अखेर १९७० च्या अमेरिकन कायद्याने नळीतून निघणाऱ्या वायूंवर कडक मर्यादा घातल्या, आणि १९७५ पासून उत्प्रेरक बसविलेल्या गाड्या बाजारात आल्या. या उत्प्रेरकाला पेट्रोलमधील शिसे चालत नसे; सबब शिसेरहित पेट्रोल आणणे भाग पडले, आणि मुलांच्या मेंदूला मंद करणाऱ्या त्या धातूची हकालपट्टी एका अर्थी आनुषंगिक लाभ म्हणून सुरू झाली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, जगातील अखेरच्या देशात, अल्जीरियात, २०२१ साली.

या द्रव्यांचे शरीरावरील परिणाम पाहू गेल्यास कणांचा आकार हीच मुख्य गोष्ट ठरते. मोठी धूळ नाकात आणि घशात अडकते. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासनलिकेत उतरतात. आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक, कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत जातात, त्यांतील अत्यंत सूक्ष्म तर रक्तातही शिरतात. म्हणूनच या कणांचा परिणाम म्हणजे केवळ खोकला नव्हे. हृदयविकार, पक्षाघात, दीर्घकालीन श्वासरोध, फुप्फुसाचा कर्करोग आणि कमी वजनाची बालके हा सगळा या कणांचा परिवार आहे. अमेरिकेतील सहा शहरांतील हजारो माणसांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून हार्वर्डच्या संशोधकांनी १९९३ साली जे निष्कर्ष काढले, त्यांत सर्वांत मलिन हवेच्या शहरात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहराहून सव्वापट असल्याचे दिसून आले, आणि हा फरक धूम्रपानाचा हिशेब वजा करूनही उरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१३ साली बाहेरच्या दूषित हवेला निश्चितपणे कर्करोगकारक ठरविले. कार्बन मोनॉक्साइडची रीत निराळी आहे: रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा त्याची ओढ दोनशेपटींहून अधिक असल्याने तो प्राणवायूची जागाच बळकावतो, आणि बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेले कुटुंब सकाळी उठत नाही. एवढे असूनही मृत्यूच्या दाखल्यावर हवा हे कारण कोणी लिहीत नाही. लंडनमध्ये २०१३ साली दम्याने मृत्यू पावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ते लिहिले गेले, तेही मृत्यूची चौकशी दुसऱ्यांदा होऊन, २०२० साली.

आता आपल्याकडे वळू. मुंबईला सृष्टीने एक सवलत दिली आहे: दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे. या सवलतीच्या भरवशावर मुंबईकरांनी दीर्घकाळ असे मानले की, आपला धूर समुद्र गिळतो. पण रात्री मतलई वाऱ्याने समुद्रावर नेलेला धूर दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्याबरोबर पुष्कळ अंशी परत येतो, हा त्यातला बारकावा. आणि हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुटले वा मंदावले म्हणजे शहर आपलाच उच्छ्वास पुन्हा घेत बसते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा काही दिवस दिल्लीहूनही वाईट झाली, तेव्हा शास्त्रज्ञांनी वाऱ्याच्या मंदगतीचा संबंध प्रशांत महासागरातील ला निना या घटनेशी जोडला. ते योग्यच असेल; परंतु वारा धूर निर्माण करीत नाही, तो फक्त आपली लाज झाकतो अथवा उघडी पाडतो.

लाज म्हणण्याचे कारण तुर्भे-चेंबूर परिसरात पाहावयास मिळते. पन्नासच्या दशकात येथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने आणि औष्णिक वीजकेंद्र आले, साठच्या दशकात खतांचा मोठा प्रकल्प आला. परळ-लालबागच्या दाट वस्तीपासून दूर म्हणून ही जागा त्या काळी पसंत झाली. वीस वर्षांत वस्ती तेथे जाऊन पोहोचली आणि चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी सत्तरच्या दशकात लालबाग, चेंबूर व खार येथील रहिवाशांची खेड्यातील लोकांशी तुलना करून श्वासविकारांचा जो अभ्यास आरंभिला, तो या देशातील या प्रकारच्या पहिल्या पद्धतशीर अभ्यासांपैकी होय. पुढे चेंबूरलगतच्या माहुलच्या रहिवाशांनी हरित न्यायाधिकरणाचे दार ठोठावले. ज्यांची घरे अन्यत्र पाडली गेली, अशा कुटुंबांचे पुनर्वसन याच माहुलात करण्याची तजवीज महानगरपालिकेने केली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. कारण धूर जसा दुर्बलाच्या हद्दीत ढकलता येतो, तसाच दुर्बलही धुराच्या हद्दीत ढकलता येतो.

गिरण्या बंद पडल्या, रासायनिक धंदे ठाणे-बेलापूर, डोंबिवली, तारापूर येथे गेले. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, तेव्हा वर्तमानपत्रांना काही दिवस विषय मिळाला. याहूनही मोठे स्थलांतर विजेचे झाले. विदर्भाच्या कोळशावर चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र चालते. तेथील १,५०० मेगावॉट वीज सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिनीने मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत आणण्याची सोय १९९९ च्या सुमारास पुरी झाली. वीज तारेतून येते, राख येत नाही. चंद्रपुरात खाणींची धूळ, घुग्घुस-गडचांदूरकडील सिमेंटच्या भट्ट्या, बल्लारपूरचा कागद-कारखाना आणि वीजकेंद्र यांचे मिळून जे वातावरण तयार झाले, त्याची नोंद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली ‘अतिप्रदूषित’ अशी केली. भारतीय नियमानुसार पाचशे मेगावॉट वा त्याहून मोठ्या संचाला २७५ मीटर उंचीचे धुराडे बांधावे लागते. म्हणजे युरोपने जी युक्ती अपुरी म्हणून सोडली, तिला आपण नियमाचे रूप दिले. धुरातील गंधक धुऊन काढणारी यंत्रणा तुर्भ्याच्या वीजकेंद्रात ऐंशीच्या दशकातच समुद्राच्या पाण्यावर चालू लागली होती, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचा प्रकार अधिकच बोचतो. डिसेंबर २०१५ मध्ये देशातील सर्व औष्णिक केंद्रांना गंधकाची मर्यादा घालून दोन वर्षांची मुदत दिली गेली, त्या मुदतीला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळाली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना या यंत्रणेतूनच सूट देण्यात आली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, असे त्याचे समर्थन केले जाते. कोळशातील टक्केवारी कमी असेल, पण जळणाऱ्या कोळशाचे ओझे पाहता एकूण गंधक कमी होत नाही, आणि त्यापासून हवेत तयार होणारे सल्फेटचे कण धुराड्यापाशी केलेल्या मोजणीत सापडत नाहीत.

दिल्लीविषयी एवढे लिहिले गेले आहे की, येथे एकच मुद्दा पुरे. पंजाबातील भूजल खाली चालले म्हणून २००९ च्या कायद्याने भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली. त्यामुळे कापणी व गव्हाची पेरणी यांच्यामधला अवधी आक्रसला. यंत्राने कापलेल्या शेतात उभी राहिलेली धसकटे पेटविणे हाच शेतकऱ्याला स्वस्त आणि जलद मार्ग उरला. आणि दिल्लीकडे येणारा तो धूर नेमका अशा वेळी उठू लागला की, जेव्हा उत्तरेतील वारा पडतो व थंडी उतरते. पाणी वाचविण्याच्या रास्त हेतूने केलेला कायदा हवेच्या मुळावर आला. दोन खात्यांनी आपापल्या दफ्तरात बसून आपापले काम चोख केल्याचे हे उदाहरण आहे. दिल्लीतच न्यायालयाच्या हुकमाने बसगाड्या नैसर्गिक वायूवर आणल्या गेल्या, तेव्हा काही काळ हवा सुधारली होती, हेही विसरता कामा नये.

हवेविषयीचा केंद्रीय कायदा १९८१ चा आहे. राष्ट्रीय मानकांनुसार अडीच मायक्रॉनखालील कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हाच आकडा ५ वर आणला. २०१९ मध्ये केंद्राने शहरांसाठी स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, आणि त्यात महाराष्ट्रातील जितकी शहरे आली तितकी अन्य कोणत्याही राज्याची आली नाहीत. या योजनेतील निधीचा मोठा हिस्सा रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे यांवर खर्च होतो. धूळ दिसते, ती झाडल्याचे छायाचित्र निघते. १९१२ च्या कायद्याचीही नजर दिसणाऱ्यावरच होती. याउलट मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत जळण बदलण्याचा हुकूम दिला, तो मात्र मुळावर बोट ठेवणारा होता, जरी कडक पावाच्या चवीविषयी जुन्या गिऱ्हाइकांची हळहळ समजण्यासारखी आहे.

शहरांच्या या चर्चेत खेडे जवळजवळ हरवतेच. संशोधक कर्क स्मिथ यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी गुजरातेतील खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात जाणाऱ्या हवेतील कण मोजले, तेव्हा आढळलेली प्रमाणे कोणत्याही औद्योगिक शहराला मागे टाकणारी होती. गॅसची शेगडी पुष्कळ घरांत आता आली आहे, पण सिलिंडर परवडत नाही म्हणून चूलही पेटती आहे. लंडनने शेगडीचा खर्च उचलला तसा येथे शेगडीबरोबर जळणाचाही खर्च उचलावा लागेल.

आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊस आहे. तोडणीनंतर शेतात पडलेले पाचट पेटवून देण्याची चाल जुनी. मजूर मिळेना झाले तसे उभा ऊसच पेटवून मग तोडण्याचा प्रघातही वाढला, कारण जळीत ऊस तोडणे सोपे जाते. कारखान्याच्या धुराड्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाची नजर असते, शहरासाठी कार्यक्रम आहे, पण कोल्हापूर-सांगलीच्या शिवारातून हंगामभर उठणारा हा धूर कोणाच्याच दफ्तरात नोंदला जात नाही. पाचट बारीक करणारी यंत्रे आहेत. कुट्टी करून ते खोडव्यात सरीला पसरले तर ओल टिकते, जमिनीचा कस वाढतो आणि खताचा खर्च वाचतो, हे शेतकी तज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. जळीत उसाला कारखाने किमतीत कपात लावतात, म्हणजे धुरावर दाम लावण्याची रीत त्या व्यवहारात आधीपासूनच आहे. ती कपात काटेकोरपणे घेऊन त्याच पैशातून गावोगाव कुट्टीयंत्रे भाड्याने देण्याचे काम सहकारी कारखान्यांच्या शेतकी खात्याला करता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी दिल्लीहून निराळा हुकूम येण्याची गरज नाही.